घरून मतदान: पंच्याऐंशी वर्षं आणि चाळीस टक्के यांच्या मधल्या पेशंटचं काय?

माझ्या एका जुन्या पेशंटची गोष्ट आधी सांगतो. त्या निवृत्त शिक्षिका आहेत, वय ७८. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. वाकोल्यात नेहरू रोडच्या आतल्या एका गल्लीत, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात. नोकरीत असताना त्यांनी कितीतरी निवडणुकांची ड्युटी केली. स्वतःचं मत त्यांनी कधी चुकवलं नव्हतं.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी, वसुबारसेच्या दिवशी, २८ ऑक्टोबरला त्या बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं आणि ऑपरेशन झालं. २० नोव्हेंबरला मतदान होतं तेव्हा त्या वॉकर धरून पलंगापासून संडासापर्यंत जात होत्या. मी घरी ड्रेसिंग बघायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "डॉक्टर, ते घरी येऊन मत घेतात म्हणे. मला नाही का मिळणार?"

मी माहिती काढली. मिळणार नव्हतं, आणि त्याला तीन कारणं होती. वय पंच्याऐंशीच्या खाली. दिव्यांग प्रमाणपत्र नाही, कारण तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत त्या व्यवस्थित चालत होत्या. आणि अर्जाची मुदत त्या पडल्या त्याच्या आदल्याच दिवशी संपलेली.

"म्हणजे मी एक दिवस आधी पडायला हवं होतं," त्या हसून म्हणाल्या. खरं तर आधी पडल्या असत्या तरी पहिली दोन कारणं उरलीच असती.

या ब्लॉगवर मी सहसा डायबेटिस, बीपी, ताप, खोकला यांवर लिहितो. आज मतदानावर लिहितोय, कारण मत देता न येणं हासुद्धा आजारपणाचा एक परिणाम आहे आणि तो औषधाने जात नाही. नियम बदलला तर जातो. मी कोणाला मत द्या हे सांगणार नाही. मत देता यावं म्हणून तुम्ही काय करू शकता आणि नियमात काय बदलायला हवं, एवढंच सांगणार आहे.

घरून मतदान म्हणजे नेमकं काय?

पुष्कळांना वाटतं की मतपत्रिका पोस्टाने घरी येते आणि आपण ती पोस्टात टाकायची. आपल्याकडे ज्येष्ठ आणि दिव्यांग मतदारांसाठी तसं नसतं. कायद्याच्या भाषेत ही टपाली मतपत्रिकाच, पण ती घेऊन निवडणूक कर्मचारी स्वतः तुमच्या घरी येतात. येण्याची तारीख आधी कळवतात. सोबत पोलीस असतो, व्हिडिओ चित्रीकरण होतं, पण तुम्ही खूण कुठे करता ते चित्रित करायचं नसतं. उमेदवारांनाही वेळापत्रक दिलेलं असतं, त्यांचे प्रतिनिधी हजर राहू शकतात.

इथे ईव्हीएम नसतं, कागद असतो. तुम्ही मतपत्रिकेवर खूण करायची आणि ती छोट्या पाकिटात घालून बंद करायची. सोबत एक घोषणापत्र असतं, त्यावर सही किंवा अंगठा. मग दोन्ही मोठ्या पाकिटात. मतपत्रिकेवर सही करू नका, नाव लिहू नका. तुमची ओळख पटेल असं काही दिसलं तर मत बाद होतं. घोषणापत्रावर मात्र सही विसरू नका, ते कोरं असेल तर पाकीट उघडलंच जात नाही. माझे पेशंट नेमकी उलट गल्लत करतील अशी मला भीती वाटते, म्हणून हे दोनदा वाचा.

ठरलेल्या दिवशी तुम्ही घरी नसाल तर कर्मचारी आणखी एकदा येतात. तिसरी फेरी नसते. आणि एकदा तुमचा अर्ज मंजूर झाला की मतदार यादीत तुमच्या नावापुढे तशी नोंद होते. मग मतदानाच्या दिवशी बरं वाटलं म्हणून केंद्रावर गेलात तरी तिथे मत देता येत नाही.

ही सोय कोणाला मिळते?

निवडणूक नियमांत २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये बदल झाला आणि ८० वर्षांवरच्या मतदारांना व दिव्यांगांना ही सोय मिळाली. त्याच वर्षी झारखंडच्या विधानसभा निवडणुकीत ती पहिल्यांदा वापरली गेली. आपल्या शेजारी, अंधेरी पूर्वच्या नोव्हेंबर २०२२ च्या पोटनिवडणुकीतही ज्येष्ठांनी घरून मत दिलं. १ मार्च २०२४ ला वयाची अट ८० वरून ८५ केली गेली. लोकसभेच्या सार्वत्रिक निवडणुकीत देशभर ही सोय पहिल्यांदा मिळाली ती त्यानंतर, २०२४ च्या उन्हाळ्यात.

म्हणजे आज सर्वसाधारण मतदारासाठी दोन दारं आहेत. एक, वय ८५ च्या वर. दोन, किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. (अत्यावश्यक सेवेतल्या काही कर्मचाऱ्यांची सोय वेगळी आहे.) दोन्ही दारांसाठी अर्ज एकच, नमुना १२-डी. तो बीएलओ, म्हणजे तुमच्या भागाचे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, घरी आणून देतात आणि भरलेला घेऊन जातात. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत तो पोचला पाहिजे.

ही योजना चांगली आहे, हे आधी स्पष्ट म्हणतो. हिमाचलमधल्या कल्पा गावचे श्याम सरन नेगी, स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून ज्यांची ओळख होती, त्यांनी वयाची शंभरी ओलांडल्यावर २ नोव्हेंबर २०२२ ला घरून मत दिलं. तीनच दिवसांनी ते गेले. ही सोय नसती तर त्यांचं ते शेवटचं मत राहिलंच असतं. माझी तक्रार एवढीच आहे की दारं दोन आहेत आणि माझे बरेचसे पेशंट त्या दोन्हींच्या मधे उभे आहेत.

मधे कोण अडकतं?

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात अंधत्व, बहिरेपणा, हातापायांचं अधूपण आहे. कंपवात म्हणजे पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल हेही आहे. बऱ्याच घरांना हे माहीतच नसतं. कंपवाताच्या पेशंटला मी प्रमाणपत्राचं सांगतो तेव्हा घरचे म्हणतात, "अहो डॉक्टर, बाबा काही अपंग नाहीत." शब्दाची लाज वाटते आणि हक्क राहून जातो. त्याबद्दल खाली सांगतो.

पण २१ प्रकारांच्या या यादीत धाप नाही. आमच्या पाइपलाइनच्या बाजूला राहणारे एक गृहस्थ आहेत, वय ६१. फुप्फुसांचा जुनाट आजार, दिवसातले सोळा तास ऑक्सिजन मशीनवर. हात शाबूत, पाय शाबूत, नजर शाबूत. दहा पावलं चालले की ओठ निळे पडतात. या आजारासाठी दिव्यांगत्वाची टक्केवारीच निघत नाही. गल्ली एवढी अरुंद की रिक्षा आत येत नाही. २० मे २०२४ ला, ऐन उन्हाळ्यात, मुंबईत लोकसभेचं मतदान होतं. घरातल्या मुलांनी त्यांना खुर्चीत बसवून नेऊ म्हटलं, मीच नको म्हणालो. डॉक्टर म्हणून तो सल्ला बरोबर होता. नागरिक म्हणून मला तो देताना बरं वाटलं नाही.

यादीत हृदयाचं पंपिंग कमी होणंही नाही. कॅन्सरची केमोथेरपी नाही. किडनी निकामी होऊन डायलिसिसवर असणं नाही. ज्यांचं डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार असतं त्यांनी कॅलेंडर बघावं. २० मे २०२४ सोमवार होता आणि २० नोव्हेंबर २०२४ बुधवार. दोन्ही वेळा मतदान त्यांच्या डायलिसिसच्या दिवशीच आलं. चार तास मशीनवर, त्यानंतर कोणाचं बीपी पडतं, कोणाला पायात गोळे येतात. तिथून उठून रांगेत उभं राहायचं. काही जण गेलेही. जे गेले नाहीत त्यांना आळशी म्हणायचा अधिकार कोणालाच नाही.

आणि मधे अडकतात ते बाईंसारखे लोक, ज्यांचं आजारपण नवीन आहे. पक्षाघात झाल्यावर लगेच टक्केवारी काढत नाहीत. शरीराला सुधारायला वेळ देतात आणि मग जे अधूपण उरतं ते मोजतात. वैद्यकीयदृष्ट्या हे योग्यच आहे. पण पक्षाघाताचे पहिले महिने सगळ्यात वाईट असतात, आणि नेमक्या त्याच काळात हातात कागद नसतो. हॉस्पिटलात दाखल असलेल्या सर्वसाधारण पेशंटसाठी तर मत द्यायची वेगळी वाटच नाही.

मतदान केंद्र तळमजल्यावर असतं, तिथे रॅम्प असतो, व्हीलचेअर असते, दिव्यांग आणि ज्येष्ठांना रांगेत थांबवत नाहीत. या सगळ्या सोयी खरोखर उपयोगाच्या आहेत. पण त्या केंद्राच्या दारापाशी सुरू होतात. तिसऱ्या मजल्यावरून खाली कसं यायचं याचं उत्तर त्यात नाही. उपनगरात राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. चाळीचा शिडीसारखा जिना आणि महिनोन्महिने बंद पडलेली लिफ्ट आपण रोज बघतो.

जून २०२२ आठवतो?

तुम्हाला कदाचित आठवत असेल. १० जून २०२२ ला राज्यसभेची आणि २० जूनला विधान परिषदेची निवडणूक होती. मतदार होते आमदार. पुण्याच्या आमदार मुक्ता टिळक आणि चिंचवडचे आमदार लक्ष्मण जगताप दोघेही गंभीर आजारी होते. दोन्ही वेळा ते ॲम्ब्युलन्समधून पुण्याहून मुंबईला, विधानभवनात मत द्यायला आले. सगळ्या चॅनेलवर ते दिसलं आणि लोकांनी त्यांच्या निष्ठेचं कौतुक केलं. पुढे २२ डिसेंबर २०२२ ला टिळक आणि ३ जानेवारी २०२३ ला जगताप गेले.

मीही ते टीव्हीवर बघितलं. कौतुक वाटलं, आणि डॉक्टर म्हणून काळजीही वाटली. इतक्या आजारी माणसाने तीन-साडेतीन तास घाटातून प्रवास करावा, एकदा नाही दोनदा, असं मी कुठल्याही पेशंटला सांगितलं नसतं. त्यांच्याजवळ ॲम्ब्युलन्स, डॉक्टर आणि माणसं होती, म्हणून ते येऊ शकले. त्यांच्या रिकाम्या झालेल्या जागांसाठी २६ फेब्रुवारी २०२३ ला कसबा पेठ आणि चिंचवडमध्ये पोटनिवडणूक झाली, तेव्हा तिथल्या ८० वर्षांवरच्या आणि दिव्यांग मतदारांना घरून मत द्यायची सोय होती. पण त्याच मतदारसंघात साठीतला कॅन्सरचा एखादा पेशंट असेल, त्याला ती नव्हती. तेव्हाही दारं तीच होती, वय आणि टक्केवारी.

हे जमण्यासारखं आहे का?

जमण्यासारखं आहे, आणि एकदा जमलेलं आहे. जून २०२० मध्ये याच नियमात बदल करून कोविड झालेल्या किंवा कोविडचा संशय असलेल्या मतदारांना टपाली मतदानाची मुभा दिली होती. त्या वर्षाच्या शेवटी बिहार विधानसभेची निवडणूक तशी झाली. कोविड हा तात्पुरता आजार. त्याला ना वयाची अट होती, ना कायमच्या टक्केवारीची. आजार असल्याचा वैद्यकीय दाखला पुरेसा होता. म्हणजे आज आजारी असलेल्या माणसाला घरून मत देता यावं हे तत्त्व आपल्या व्यवस्थेने मान्य केलेलं आहे. ते फक्त एका आजारापुरतं आणि एका काळापुरतं राहिलं.

टपाली मत आणखी कोणाला आहे तेही बघा. सैनिकांना आहे, निवडणूक ड्युटीवरच्या कर्मचाऱ्यांना आहे, हे योग्यच. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत असलेल्या माणसालाही आहे, आणि तेही योग्यच. पण ज्याला त्याच्या शरीराने एका खोलीत डांबलंय, त्याला नाही.

माझ्या एका पेशंटचा मुलगा लंडनला असतो. तो सांगत होता की तिथे कोणालाही कारण न देता टपालाने मत देता येतं. ब्रिटनमध्ये हे २००१ पासून आहे. ऑस्ट्रेलियात मतदान पथकं हॉस्पिटलं आणि वृद्धाश्रमांत जातात. न्यूझीलंडमध्ये अंध मतदार फोनवरून आपलं मत सांगून नोंदवू शकतात. आपली लोकसंख्या, आपल्या निवडणुकांमधली चुरस, आपली माणसं वेगळी आहेत. सगळंच उचलून आणता येणार नाही हे मला कळतं. पण आपल्याकडे घरोघरी जाणारी पथकं तयार आहेतच. ती ज्या बिल्डिंगमध्ये ८६ वर्षांच्या आजोबांकडे जातात, त्याच बिल्डिंगमध्ये ऑक्सिजनवरचा ६१ वर्षांचा माणूस असतो.

"डॉक्टर, खोटी सर्टिफिकेटं निघतील"

हा आक्षेप मला माझ्याच एका डॉक्टर मित्राने ऐकवला, आणि तो खरा आहे. सुट्टीसाठी, कोर्टाच्या तारखेसाठी, परीक्षेसाठी खोटे दाखले देणारे आमच्या व्यवसायात आहेत. मला स्वतःला महिन्यातून दोन-तीनदा तरी तसं विचारलं जातं. म्हणून कोणत्याही डॉक्टरची चिठ्ठी चालवा असं मी म्हणत नाही. दाखला नोंदणीकृत डॉक्टरने द्यावा, त्यावर नोंदणी क्रमांक असावा, आणि तो सरकारी किंवा महापालिकेच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने तपासावा. बीएलओ घरी जातोच. अंथरुणावरचा माणूस खरंच अंथरुणावर आहे की नाही हे बघायला एमडी लागत नाही. खोटा दाखला देणाऱ्यावर आमच्या मेडिकल कौन्सिलने कारवाई करावी, मी पाठिंबा देईन.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. घरात मत देताना घरच्यांचा दबाव येतो. केंद्रावर पडद्याआड माणूस एकटा असतो. घरी मुलगा, सून, शेजारचे कार्यकर्ते. मी घरी व्हिजिटला जातो तेव्हा पेशंटला काय होतंय हे मी त्यांना विचारतो आणि उत्तर मुलगा देतो. मतदानाच्या वेळी असं झालं तर ते मत मुलाचं. याला उपाय असा की पथकाने खोलीतल्या बाकीच्यांना बाहेर जायला सांगावं. आणि घरच्यांनी, म्हणजे तुम्हीही, ते मनाला लावून घेऊ नये. चहा करायला आत जा.

अंध, कंपवात आणि विसरणारे

ज्यांना दिसत नाही त्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. केंद्रावरच्या ईव्हीएमवर बटणांशेजारी ब्रेल आकडे असतात आणि ब्रेल मतपत्रिका मागता येते. ब्रेल येत असेल तर तुम्ही कोणाच्याही मदतीशिवाय मत देऊ शकता. घरी मात्र कागद असतो आणि बहुतेक वेळा सोबती लागतो. सोबती १८ वर्षांवरचा हवा, त्याने मत गुप्त ठेवण्याचं लिहून द्यावं लागतं, आणि तो एकाच मतदाराला मदत करू शकतो. तेव्हा चालता येत असेल तर आधी विचार करा की तुम्हाला काय जास्त महत्त्वाचं वाटतं, घरची सोय की स्वतःच्या बोटाने दिलेलं मत. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ११ नुसार निवडणुकीचं सगळं साहित्य दिव्यांगांना वापरता येईल असं असायला हवं. घरी येणाऱ्या मतपत्रिकेसोबत अंधांना स्वतः चाचपून खूण करता येईल असा साचा प्रत्येक पथकाच्या पिशवीत असला पाहिजे.

कंपवातात अक्षर बारीक आणि वाकडं होत जातं. जुन्या सहीशी जुळत नाही म्हणून घाबरू नका. सही जमत नसेल तर तसं कर्मचाऱ्यांना सांगा, ते तुमच्या घोषणापत्राची पुढची कार्यवाही करतील.

आणि स्मृतिभ्रंश. "आईला डिमेन्शिया आहे, आता तिचं कसलं मत!" हे मी फार ऐकतो. कायदा काय म्हणतो ते ऐका. सक्षम न्यायालयाने एखाद्याला विकल मनाचं म्हणून घोषित केलं असेल तरच त्याचं नाव मतदार यादीतून जातं. माझ्या केसपेपरवर डिमेन्शिया लिहिलं म्हणून कोणाचंही मत जात नाही. सुरुवातीच्या काळात कितीतरी पेशंटना सकाळचा नाश्ता आठवत नाही, पण आपल्याला कोण हवं आणि कोण नको हे पक्कं ठाऊक असतं. पक्षाघाताने वाचा गेलेल्यांचंही तसंच. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही असं नाही. ठरवायला त्यांना वेळ द्या. आणि त्यांना खरंच ठरवता येत नसेल, तर त्यांचं मत तुम्ही देऊ नका. ते मत कोरं राहिलेलं बरं.

मला काय बदललेलं हवंय?

चारच गोष्टी.

१. तिसरं दार उघडा. वय आणि टक्केवारीशिवाय, आज घराबाहेर पडण्याच्या स्थितीत नसलेल्या मतदाराला तपासलेल्या वैद्यकीय दाखल्यावर घरून मत देऊ द्या. कसोटी एकच असावी, हा माणूस केंद्रापर्यंत पोचू शकतो का.

२. पाच दिवसांची मुदत वाढवा. २०२४ च्या विधानसभेला अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली, म्हणजे अर्ज २७ पर्यंत. उमेदवारी मागे घेण्याचा शेवटचा दिवस ४ नोव्हेंबर होता. म्हणजे मतपत्रिकेवर कोणाची नावं येणार हे ठरण्याच्या आठवडाभर आधीच आजारी माणसाचा अर्ज बंद. निदान नावं ठरेपर्यंत तरी तो घ्यावा.

३. ज्यांचं अधूपण कायमचं आहे त्यांच्याकडून दर निवडणुकीला नवा अर्ज मागू नका. एकदा नोंद झाली की पुढच्या वेळी पथक आपणहून यावं. नको असेल तर मतदाराने कळवावं.

४. हीच सोय महापालिका निवडणुकांनाही पक्की करा. १२-डी चा अर्ज लोकसभा आणि विधानसभेच्या नियमांतला आहे. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो आणि तिचे नियम वेगळे. पण कलम ११ मध्ये राज्य निवडणूक आयोगाचंही नाव आहे. गल्लीतली फरशी उखडली आहे, नाल्यावरचं झाकण तुटलं आहे, याचा सगळ्यात जास्त त्रास ज्याला होतो त्याला नगरसेवक निवडता आला पाहिजे.

तोवर तुम्ही आज काय करायचं?

नियम बदलतील तेव्हा बदलतील. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आत्ता, शांतपणे, हे करा.

घरात कंपवात, पक्षाघात, खूप कमी नजर, स्नायूंचा आजार असं काही असेल तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी म्हणजे युडीआयडी कार्डासाठी अर्ज करा. अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी ठरवून दिलेल्या सरकारी किंवा महापालिका रुग्णालयात होते. वेळ लागतो, म्हणूनच आज सुरुवात करा. जुने केसपेपर आणि रिपोर्ट एका फाइलमध्ये लावून न्या. दिव्यांग म्हणवून घ्यायची लाज बाळगू नका.

प्रमाणपत्र मिळालं की मतदार यादीत तशी नोंद करा. त्यासाठी नमुना ८ भरायचा. निवडणूक आयोगाच्या सक्षम ॲपवरूनही करता येतं, आणि केंद्रावर व्हीलचेअर हवी असेल तर तीही त्यातूनच मागता येते. मोबाइल जमत नसेल तर १९५० या क्रमांकावर फोन करा.

तुमच्या भागाचे बीएलओ कोण आहेत ते विचारून त्यांचा नंबर फ्रिजवर चिकटवा, माझ्या नंबरशेजारी. निवडणूक जाहीर झाली की पहिल्याच दिवशी १२-डी मागा.

डायलिसिसवाल्यांनी मतदानाची तारीख कळताच आपल्या सेंटरशी बोलून वेळ किंवा वार बदलून घ्यावा. पण डायलिसिस टाळून मत द्यायला जाऊ नये. हे मी कोणालाच माफ करणार नाही.

आणि शेजारी एखादा असा माणूस असेल ज्याला कोणी नाही, तर त्याचा अर्ज तुम्ही भरून द्या. मत कोणाला, ते मात्र विचारू नका.

बाई आता काठी घेऊन जिना उतरतात, सावकाश, कठड्याला धरून. मागच्या तपासणीला आल्या तेव्हा मी बीपी घेत होतो. त्या डावा हात पुढे करून म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच या बोटाला शाई लागली नाही हो." मी बीपीचा आकडा लिहिला. १३०/८०, उत्तम. त्यांच्या दुसऱ्या तक्रारीवर माझ्याजवळ गोळी नव्हती, म्हणून हा लेख लिहिला.